गोणीवर आणि चिठ्ठीवर दोन ओळी हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरीप जवळ आला की नाशिक जिल्ह्यात युरियाची चर्चा सुरू होते आणि ती बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते: गोण्या आल्या का, आणि गोणीबरोबर नको असलेले दुसरे खत गळ्यात मारले जाते का. या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांना आपल्या वृत्तपत्राने जागा द्यावी, हे योग्यच आहे. परंतु रांगेत उभे राहून मिळवलेल्या त्या गोणीतील नत्र (नायट्रोजन) पिकाच्या मुळापर्यंत किती पोहोचते आणि किती हवेत उडून जाते, हा तिसरा प्रश्न त्याहून मोठा असूनही फारसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर युरिएज नावाच्या एका विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रियांचा वेग वाढवणाऱ्या प्रथिनाच्या, कामात आहे आणि तेच विकर पोटाच्या व मूत्रपिंडाच्या तपासण्यांतही रोज वापरले जाते. मी तीसहून अधिक वर्षे नाशिकमध्ये रसायनशास्त्र शिकवले. निफाड तालुक्यातील आमची वडिलोपार्जित अडीच एकर जमीन धाकटा भाऊ कसतो. वर्ग आणि वावर ही दोन्ही ठिकाणे जवळून पाहिल्यामुळे या विषयावर सविस्तर लिहीत आहे.

शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये ज्याला एन्झाइम म्हणतात, त्यांपैकी युरिएज हे एक. युरियाचा रेणू स्वभावाने अतिशय स्थिर आहे. नुसत्या शुद्ध पाण्यात विरघळवून ठेवला तर तो वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही. युरिएजच्या संपर्कात आला की मात्र पाण्याच्या साहाय्याने त्याचे तुकडे पडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, आणि या क्रियेचा वेग विकराशिवायच्या वेगापेक्षा एकावर चौदा शून्ये इतक्या पटींच्या घरात जातो. या विकराच्या गाभ्यात निकेल धातूचे दोन अणू असतात, हेही वैशिष्ट्यच म्हणावे लागेल. मातीतील असंख्य जिवाणू व बुरशी, तसेच सोयाबीन, तूर, हुलगे, अबई यांसारख्या शेंगवर्गीय पिकांच्या बिया यांत ते आढळते. माणसाच्या स्वतःच्या पेशींत ते नसते. आपले यकृत युरिया तयार करते, मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात, पण तो फोडण्याचे साधन आपल्याजवळ नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पोटाच्या तपासणीचा सगळा आधार त्यावरच आहे.

विज्ञानाच्या इतिहासातही या विकराला मानाचे स्थान आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी अबईच्या कुळातील एका शेंगेच्या बियांच्या पिठातून १९२६ साली युरिएजचे स्फटिक मिळवले. विकरे ही प्रथिनेच असतात, हे त्यांचे म्हणणे त्या काळातील मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षे मान्य केले नाही. लहानपणीच्या शिकारीतील अपघातात समनर यांचा डावा हात गेला होता आणि ते मूळचे डावखुरे होते; उजव्या हाताने काम शिकून, नऊ वर्षे चिकाटीने राबून त्यांनी हे साधले आणि १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विद्यार्थ्यांना हे सांगताना मला दरवर्षी तितकाच आनंद होत असे.

आता शेताकडे येतो. आमच्याकडे उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत होते. कांद्यासाठी हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असते. त्यातील निम्मे लागणीच्या वेळी आणि उरलेले पुढच्या दीड महिन्यात दोन हप्त्यांत द्यायचे असते. हे हप्ते युरियाच्या रूपाने वाफ्यात हाताने फेकून दिले जातात. रात्रीची लाईट आली की वाफे भरून घ्यायचे आणि सकाळी ओल दिसते आहे तोवर युरिया फेकायचा, म्हणजे दाणे लवकर विरघळतात, असा आमच्या भागातील अनेकांचा समज आहे. भाऊही वर्षानुवर्षे तेच करत होता. दाणे विरघळतात हे खरे, पण ते वरच्या वर विरघळतात. ओल्या, कोमट, चुनखडीच्या काळ्या जमिनीच्या वरच्या थरात युरिएज मुबलक असते, कारण मेलेल्या जिवाणूंतून आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून सुटलेले हे विकर चिकणमातीच्या कणांना धरून दीर्घकाळ टिकून राहते. दाणा फुटला की त्याच्याभोवतीचा सामू (पीएच) आणखी वर चढतो, म्हणजे माती अधिक अल्कधर्मी होते, आणि अमोनियम (अमोनियाचे मातीला धरून राहणारे रूप) टिकण्याऐवजी अमोनिया वायू होतो, आणि वरून ऊन व वारा असल्यामुळे दोन-चार दिवसांत त्याचा मोठा भाग निघून जातो. परिस्थिती प्रतिकूल असेल तर दिलेल्या नत्राचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, असा वाया जाऊ शकतो. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के म्हणजे २०.७ किलो नत्र असते. चौथा हिस्सा गेला तर पाच किलोंहून अधिक नत्र, म्हणजे जवळजवळ ११ किलो युरिया, केवळ वाऱ्यावर दिला असे होते.

भावाला हे तोंडी सांगून पटले नाही. "नाना, युरिया टाकला की चार दिवसांत पिकाला काळोखी येते, मग तो उडतो कसा म्हणता?" असे त्याने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. काळोखी, म्हणजे पानांचा गडद हिरवा रंग, येते ती उरलेल्या नत्राने. गेलेले नत्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गेल्या मार्चमध्ये आम्ही घराच्या ओट्यावर काचेच्या तीन बरण्या मांडल्या. तिन्हींत त्याच वाफ्यातील वाफशाची, म्हणजे बेताच्या ओलीची, माती भरली. पहिलीत एक छोटा चमचा युरिया नुसता वर पसरला, दुसरीत तेवढाच युरिया दोन-अडीच इंच खोल गाडला आणि तिसरीत वर पसरून लगेच माती चांगली भिजेल इतके पाणी ओतले. झाकणाच्या आतल्या बाजूला हळदीच्या पाण्यात बुडवलेला ओलसर कागद चिकटवला. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि त्यातूनच कुंकू होते, हे आपल्या घरात सर्वांना माहीत असते. अमोनियाही हळदीवर तसाच परिणाम करतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या बरणीतील कागदाची कड तांबूस झाली होती आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळा कागद विटकरी लाल झाला. झाकण उघडताच गोठ्यात येतो तसा उग्र वास नाकात शिरला. गाडलेल्या युरियाच्या बरणीतला कागद पिवळाच राहिला होता आणि पाणी दिलेल्या बरणीतल्या कागदाला जेमतेम तांबूस छटा होती. भाऊ पहिली बरणी हातात घेऊन बराच वेळ तशीच उभा होता. नंतर त्याने आपणहून ती शेजारच्या बांधावर नेऊन दाखवली.

तेव्हापासून तो युरिया पाण्याच्या आधी देतो आणि पाठोपाठ वाफा भरतो. पाणी बेताचे ठेवतो, कारण पाटाने धो धो पाणी दिले तर नत्र मुळांच्याही खाली निघून जाते. जिथे ठिबक आहे तिथे तो ड्रिपमधूनच थोडा थोडा सोडतो. मका किंवा ऊस यांसारख्या ओळींच्या पिकात युरिया ओळीशेजारी टाकून कोळपणीने मातीआड करता येतो. या कशालाही जादा पैसा लागत नाही. कांद्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगतो: उडालेल्या नत्राची भरपाई म्हणून उशिरापर्यंत युरिया फेकत राहिले की कांद्याच्या माना जाड होतात आणि तो साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही. चाळीत सडलेल्या कांद्याचे खापर आपण हवामानावर फोडतो, आणि त्यात तथ्यही असते; पण काही वेळा त्याचे मूळ फेब्रुवारी-मार्चमधल्या त्या जादा मुठीत असते.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. २०१५ पासून देशात सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे बंधनकारक झाले आणि तो निर्णय चांगलाच आहे. मात्र लेप आहे म्हणजे युरिया उडत नाही, असे अनेक शेतकरी, आणि काही विक्रेतेही, ठामपणे सांगतात. कडुनिंबाचे तेल प्रामुख्याने दुसऱ्या पायरीवर पहारा देते: अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग ते कमी करते आणि त्यामुळे नत्र पाण्याबरोबर वाहून जाणे मंदावते. युरिएजचे काम त्याआधीच्या पहिल्या पायरीवर चालते, आणि अमोनियाची गळती तिथेच होते. त्या पायरीसाठी वेगळी रसायने आहेत. एनबीपीटी नावाचे रसायन युरिएजच्या निकेलला अडवून त्याचे काम आठवडा-दोन आठवडे लांबवते आणि अमेरिका व ऑस्ट्रेलियात ते युरियावर चोळून विकले जाते. आपल्या शेतकऱ्याला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अडीच इंच माती किंवा वेळेवरचे पाणी हेच काम करते, फक्त ते का करायचे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

याच विकराने माझ्या घरी दुसऱ्या मार्गानेही प्रवेश केला. माझ्या मेव्हण्यांना पंधरा वर्षे पित्ताचा त्रास होता. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, तिखट आणि चहा बंद ठेवायचा, तरी वरच्या पोटातली जळजळ जात नसे. अखेर शहरातील एका रुग्णालयात त्यांची दुर्बिणीतून तपासणी (एन्डोस्कोपी) झाली. जठराच्या आतल्या अस्तराचा मोहरीएवढा तुकडा घेऊन तो युरिया आणि रंगद्रव्य असलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. त्या तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जिवाणू असतील तर त्यांच्यातील युरिएज युरिया फोडते, अमोनिया तयार होतो आणि पिवळा रंग गुलाबी होतो. माझ्या बरणीतला हळदीचा कागद आणि ही तपासणी यांत तत्त्वतः काहीच फरक नाही. माणसाच्या पेशींत युरिएज नसल्यामुळे जठरात ते जोरात सापडले की कोणीतरी पाहुणा घर करून बसला आहे, असे डॉक्टर सांगू शकतात. हा जिवाणू जठरातील तीव्र आम्लात जगतो तोच मुळी युरिएजच्या बळावर. स्वतःभोवती अमोनियाचे कवच उभारून तो आम्लाला थोपवतो.

मेव्हण्यांची चाचणी 'निगेटिव्ह' आली आणि पुन्हा त्याच गोळ्या सुरू झाल्या. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या तपासणीच्या वेळी आम्ल कमी करणारी गोळी चालू होती का?" चालू होती, अगदी त्याच सकाळीही घेतलेली होती. या गोळ्यांनी जिवाणूंची संख्या आणि युरिएजचे काम इतके घटते की चाचणी फसवी नकारात्मक येऊ शकते, आणि म्हणून त्या किमान दोन आठवडे, तर प्रतिजैविके किमान चार आठवडे आधी बंद असावी लागतात. त्यांना हे आधी कोणीही सांगितले नव्हते. वैद्यकीय सल्ल्याने गोळी थांबवून चाचणी पुन्हा केली तेव्हा ती स्पष्ट गुलाबी आली. चौदा दिवसांचा औषधांचा क्रम पूर्ण केल्यावर त्यांचे पोट आज शांत आहे. मधले आठ महिने, दोनदा भरलेला खर्च आणि दुसऱ्यांदा गिळलेली ती नळी हे सारे एका न दिलेल्या सूचनेमुळे सोसावे लागले, याचे मला आजही फार वाईट वाटते.

ज्यांना दुर्बीण नको असेल त्यांच्यासाठी श्वासाची चाचणी आहे. वेगळ्या खुणेचा कार्बन असलेला युरिया पोटात घ्यायचा आणि काही मिनिटांनी एका पिशवीत फुंकर मारायची. जिवाणू असतील तर तो कार्बन श्वासातील कार्बन डायऑक्साइडमध्ये उतरतो. उपचारांनंतर जिवाणू खरोखर गेले का, हे पाहण्यासाठी किमान चार आठवडे थांबून हीच चाचणी करणे हिताचे असते, कारण रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी जिवाणू गेल्यावरही बराच काळ होकारार्थी राहते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली हा जिवाणू वाढवून दाखवला, आणि कोणी मानेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचे द्रावण स्वतः प्राशन करून आजार ओढवून घेतला. २००५ चे नोबेल दोघांना मिळाले. १९९४ पासून या जिवाणूची गणना जठराच्या कर्करोगाच्या निश्चित कारणांत होते. भारतात तो अतिशय मोठ्या लोकसंख्येच्या पोटात असतो. त्यांतील बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, हेही तितकेच खरे आहे, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे पित्ताच्या गोळ्यांवर राहणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना या चाचणीबद्दल जरूर विचारावे.

रक्तातील युरियाची तपासणी आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी करवून घेतली असेल. त्यातही नमुन्यात युरिएज मिसळून तयार होणारा अमोनिया मोजला जातो, आणि ही युक्ती १९१३ इतकी जुनी आहे. तेव्हा विकर सोयाबीनमधून काढत असत. मूत्रमार्गात प्रोटिअससारखे युरिएज बाळगणारे जिवाणू शिरले की लघवी अल्कधर्मी होऊन मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे खडे भराभर वाढतात. अशा संसर्गजन्य मुतखड्यावर हुलग्याच्या कढणावर विसंबून वेळ दवडू नये, एवढीच विनंती करतो. कढण पौष्टिक आहे, त्याच्याशी माझे वैर नाही.

दुधाविषयी थोडे लिहितो, कारण ही तपासणी कोणत्याही गृहिणीला करता येते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घरगुती चाचण्यांत ती दिली आहे: चमचाभर दुधात अर्धा चमचा सोयाबीन किंवा तुरीचे पीठ मिसळायचे, पाच मिनिटांनी त्यात लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवायचा, आणि तो निळा झाला तर युरियाच्या भेसळीचा संशय घ्यायचा. दुधात मुळात थोडा युरिया असतोच, म्हणून रंग बदलला तरी थेट दूधवाल्याशी भांडण न काढता नमुना प्रयोगशाळेत द्यावा. मी पहिल्यांदा मुद्दाम युरिया घातलेल्या दुधावर ही चाचणी करून पाहिली तेव्हा कागद लालच राहिला. सौभाग्यवतींनी डबा उघडून सांगितले, "अहो, हे पीठ भाजलेल्या सोयाबीनचे आहे." भाजल्यावर विकर नष्ट होते! कच्च्या सोयाबीनच्या पिठाने पाच मिनिटांत कागद निळा झाला. कोंबडी खाद्याच्या कारखान्यांत सोयापेंड नीट शिजली की नाही, हे युरिएजवरूनच पाहतात. विकर मेले असेल तर पचनाला बाधा आणणारी इतर द्रव्येही उष्णतेने मेली असणार, असे धरता येते. याच कारणाने, खुराकात युरिया असेल तर जनावरांपुढे कच्चे सोयाबीन कदापि टाकू नये. दोन्ही एकत्र पोटात गेले की अमोनिया एकदम सुटून जनावर दगावू शकते, आणि येवला, निफाड, दिंडोरीकडे सोयाबीनचा पेरा असल्यामुळे हा धोका पुस्तकी नाही. त्याउलट भाताचा पेंढा किंवा गव्हाचा भुसा यांवर १०० किलोला ४ किलो या प्रमाणात युरियाचे पाणी शिंपडून तीन आठवडे हवाबंद दाबून ठेवला, तर त्यातील युरिएजच अमोनिया तयार करून तो चारा मऊ व अधिक पचनीय बनवते. इगतपुरीकडील पशुपालकांनी पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली हे अवश्य करून पाहावे. सहा महिन्यांखालील वासरांना मात्र असा चारा देऊ नये.

आता माझी मागणी. आमच्या गोणीवर वजन, नत्राचे प्रमाण, किंमत आणि कडुनिंबाचा लेप हे ठळक अक्षरांत आहे. तितक्याच ठळक मराठीत तिथे दोन ओळी असाव्यात: "युरिया उघड्यावर ठेवू नका, मातीआड करा किंवा टाकल्यावर लगेच पाणी द्या. कडुनिंबाच्या लेपाने अमोनिया उडणे थांबत नाही." गोणीवरचा मजकूर बदलायला दिल्लीपर्यंत जावे लागत असेल, तर कृषी सेवा केंद्रातील पॉस यंत्रातून निघणाऱ्या पावतीबरोबर एक छापील चिठ्ठी जिल्हा पातळीवरही देता येईल. दुर्बिणीच्या किंवा श्वासाच्या तपासणीची वेळ देताना रुग्णाच्या हातात ठेवायच्या कागदावरही अशाच दोन ओळी हव्यात: "आम्ल कमी करणारी गोळी किती दिवस आधी थांबवायची, हे डॉक्टरांना विचारा. गेल्या महिन्यात प्रतिजैविके घेतली असतील तर सांगा." महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्रही इथेच आहे. या दोन्ही संस्थांनी मनावर घेतले तर हा मजकूर तपासून, सोप्या मराठीत, येत्या रब्बी कांद्याच्या लागणीपूर्वी जिल्हाभर पोहोचवता येईल.

आपल्या शेतीविषयक पानावर बरण्यांचा प्रयोग चित्रासह छापण्यास जागा मिळाली, तर मी मजकूर विनामूल्य लिहून देईन. साहित्य म्हणून तीन बरण्या, चिमूटभर हळद, टिपकागद आणि ज्याच्या त्याच्या वाफ्यातली माती एवढेच लागते, आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिसतो.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
नाशिक